सोलापूरची पिशवी

मामा, परवा तुमच्या पुण्यानुमोदनाला, तुम्हाला निरोप द्यायला जमलेले सगळे तुमच्याबद्दल फार चांगलं बोलले. इतकं चांगलं की मधेच मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला येऊन बसलोय. डेपोतले लोक म्हणाले, कंडक्टर असावा तर असा, शिस्तीचा. वस्तीतले म्हणाले, मितभाषी माणूस होता. मितभाषी! मी पदरात तोंड लपवलं आणि आत्यांकडे बघितलं, तर त्यांचंही तोंड पदरातच. लोकांना वाटलं सासू-सून रडतायत. रडतही होतो म्हणा. पण आधी हसलो.

तुम्ही निवृत्तीनंतर काय करत होतात, हे मात्र कुणी बोललं नाही. जन्मभर एसटीत घसा फोडलेला, मिशा राखून असलेला माणूस सुनेच्या बालवाडीत मांडी घालून बसतो आणि पोरांसाठी पिशव्या शिवतो, हे माइकवर कसं सांगायचं, असं त्यांना वाटलं असेल. मलाही बोलायला उठवत होते. मी नको म्हणाले. मला लोकांशी तुमच्याबद्दल बोलायचं नव्हतं, तुमच्याशी बोलायचं होतं. म्हणून आता लिहितेय. मधे बोलू नका, तुमची सवय आहे.

पिशव्यांची सुरुवात तुमच्यामुळे झाली असं तुम्ही गावभर सांगायचात. ते खरं नाही. ती माझ्या ट्रेनिंगमुळे झाली. तिथल्या मॅडमनी आम्हाला सेन्सरी बॅग दाखवल्या होत्या. काहीतरी मऊ, खरखरीत, गारेगार असं भरलेल्या पिशव्या. पोरानं वरून दाबायचं, चाचपायचं, नाहीतर आत हात घालून न बघता ओळखायचं. त्यानं बोटं तयार होतात, शब्द सुचतात, दंगा करणारं पोर जरा शांत बसतं. मी घरी येऊन हे मोठ्या उत्साहानं आत्यांना सांगत होते. तुम्ही कॉटवर पेपर वाचत होतात. तो खाली न घेताच म्हणालात, "पिशवीत हात घालायचा अन् न बघता वळकायचं? जलम गेला की माझा त्यात."

"मामा, ते वेगळं."

"काय वेगळं? गाडी खच्चून भरल्याली, एक हात वरच्या दांडीला अन् एक पिशवीत. बघाय कुटं मिळतंय?"

दुसऱ्या दिवशी तुम्ही बालवाडीत येऊन बसलात ते बसलातच.

बालवाडी म्हणजे आपलीच पुढची खोली आणि पत्रा टाकलेलं अंगण. चहूकडे टॉवेलचे माग, दिवसभर खडखडाट. कुणाचे वडील मागावर, कुणाची आई विड्या वळायला, कुणाचा बाप रिक्षावर. घरी कुणी तेलुगू बोलणार, कुणी दखनी, कुणी आपलं मराठी, आणि माझ्याकडे येऊन सगळी एका भाषेत भांडणार. कापडाला तोटा नव्हता. टॉवेलचे डागी तुकडे, चादरीचे काठ मागवाले असेच देऊन टाकायचे. मी तुम्हाला मशीनवर शिवायला शिकवलं. पहिली पिशवी तुम्ही चारी बाजूंनी शिवून टाकलीत आणि मग विचारलंत की आता ज्वारी कुठून घालायची.

मी पिशव्यांना शिकवल्याप्रमाणे नावं दिली होती, मऊ, खरखरीत, टणक. तुम्हाला ती अजिबात पसंत पडली नाहीत. "ही काय नावं हायेत? पोरं इसरत्यात. गाव कोण इसरतंय का?" असं म्हणून ज्वारीची पिशवी उचललीत आणि जाहीर केलंत, "हे वळसंग." झालं. त्या दिवसापासून माझ्या बालवाडीची एसटी झाली. उसाच्या वाळलेल्या कांड्या, ज्यांची पेरं बोटाला लागतात, ते अकलूज. लाकडी चमचा, मोठाली बटणं, रिकामं रीळ, बैलाच्या गळ्यातली घंटी असं सगळं एकात कोंबलेलं ते नातेपुते, कारण "तितं बाजारात मिळत न्हाय आसं कायच न्हाय." भिजवलेला सब्जा जाड प्लास्टिकमध्ये भरून, तोंड मेणबत्तीवर चिकटवून जी बुळबुळीत पिशवी झाली, तो नदीवरचा पूल. आपल्या उन्हात तो पूल दुसऱ्या दिवशी आंबायचा आणि तुम्ही नवा बांधायचात.

रस्ता म्हणाल तर शुद्ध वेडेपणा. वळसंग एकीकडे, अकलूज दुसरीकडे, मधे नदी कुठली आणि नातेपुत्यानंतर परत वळसंग कसं? मी हे तुमच्या तोंडावर सांगितलं, तेही पोरांसमोर. तुम्ही थंडपणे म्हणालात, "गाडी माझी हाय. वळवीन तिकडं वळंल." पोरं टाळ्या पिटत होती. माझ्या बाजूला कुणी नव्हतं.

तुम्ही खिडकीच्या गजाला पितळी घंटी बांधलीत आणि तिला दोरी. एकदा ओढली की थांबा, दोनदा ओढली की चला. पोरं दोन-दोन करून बसायची, पिशवी हातोहाती फिरायची. "कुटलं गाव आलं वो?" "वळसंग!" "उतरनारे उतरा, दारात उबं राहू नगा!" एखाद्याला उतरायचंच नसायचं, तो ज्वारीच्या पिशवीवर पाय रोवून बसायचा. त्याला तुम्ही म्हणायचात, "पाव्हणं, मुक्काम दिसतोय," आणि खरंच बसू द्यायचात.

माझं काम काय, तर चेकिंग. रोज सकाळी मी एकेक पिशवी ताणून बघायचे, दुहेरी टीप आहे का, कोपरा उसवलाय का. दाणा सुटला की तो कुणाच्या तरी नाकात गेलाच म्हणून समजायचं. मी पिशव्या हातात घेतल्या की तुम्ही पोरांना डोळा मारायचात, "गप बसा रं, चेकिंग आलंय." नोकरीत तुमचा चेकिंगवाल्यांवर जेवढा राग होता तेवढा सगळा माझ्या वाट्याला आला. पण मामा, तुमच्या टिपा सैलच असायच्या. तुम्ही गेलात म्हणून मी हे मागे घेणार नाही.

आणि वळसंगची ती गंमत. एका पोरानं पिशवीवर सू केली. मी घरी नव्हते. तुम्ही ती न उसवता, दाण्यांसकट धुतलीत. दोरीवर टाकली तर मला दिसेल म्हणून कॉटखाली ओल्या पोत्यावर दडवून ठेवलीत आणि विसरलात. मग एका सकाळी बघते तर तुम्ही कॉटखाली अर्धे घुसलेले, बाहेर नुसते पाय, आणि भोवती सगळी बालवाडी ओणवी होऊन बघतेय. टॉवेलच्या विरळ विणीतून ज्वारीचे कोंब बाहेर आले होते. पांढरे, हिरव्या शेंड्याचे, पिशवीभर. तुम्ही ते गुपचूप उपटत होतात आणि एक पोरगी ओरडली, "आज्जा, तिचे केस नका ओढू!"

मी म्हटलं, फेका ते, वास येतोय. तुम्ही बाहेर येऊन मिशीला लागलेलं जाळं पुसलंत आणि म्हणालात, "फेकायचं? वळसंगला पीक आलंय यंदा." पोरांनी ते कोंब तळहातानं, गालानं, एकानं तर नाकानं कुरवाळून बघितले. मऊ, खरखरीत, टणक, गार, सगळं एकदम. ट्रेनिंगच्या मॅडमना सुचली नसती अशी पिशवी तुमच्या वेंधळेपणानं तयार झाली. तुम्ही तिला रोज पाणी घालत राहिलात आणि मी रोज नाक मुरडत राहिले. शेवटी शेजारणीच्या शेळीनं ती खाल्ली. त्या दिवशी तुम्ही पोरांना सांगितलंत की वळसंगला जायला आज गाडी नाही.

आपली खरी भांडणं दोन, आणि दोन्ही अर्धवट राहिली.

पहिलं खाकीचं. नातेपुत्याची पिशवी आतल्या सामानानं सारखी फाटायची. मी म्हटलं, मामा, तुमची वर्दी कपाटात डांबरगोळ्या घालून पडलीय. काय दणकट कापड आहे! दोन पिशव्या सहज होतील. मी अगदी सहज बोलले होते. तुम्ही ताट सारून उठलात. "ती वर्दी हाय. तिला कातरी लावायची न्हाय." मग दोन दिवस तुम्ही माझ्या हातचा चहा घेतला नाहीत. आत्यांच्या हातचा घेत होतात. तोही मीच केलेला असायचा, हे तुम्हाला माहीत होतं आणि मला माहीत होतं.

दुसरं भांडण सोलापूरचं. एवढी गावं झाली, पण गाडी शेवटी यायची कुठं? पोरं विचारायची, "आज्जा, सोलापूर कधी येनार?" आणि सोलापूरच्या पिशवीत काय भरायचं यावर आपलं एकमत होईना. मी म्हणायचे टॉवेलच्या दशा भरू, आपली ओळख ती. तुम्ही म्हणायचात दशा तर पोरांच्या घरात उशीखाली पण हायेत. आत्या म्हणाल्या शेंगाचटणी भरा. त्यावर आपण दोघं एकत्र त्यांच्यावर ओरडलो, तेवढंच काय ते एकमत. एकदा तुम्ही पत्र्याकडे बघत म्हणालात, "सोलापुरात भरायचं तर ऊन भराय पायजे. पर ते कोंबायचं कसं?" तुम्ही ते इतक्या गंभीरपणे विचारलंत की मलाही क्षणभर विचार करावा लागला. सोलापूर तसंच राहिलं. "रस्त्याचं काम चालू हाय," तुम्ही पोरांना सांगायचात.

आणि मग चिन्नी.

तुम्हाला चिन्नीचं सांगायला नको, पण मला स्वतःला सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मागावरच्या तेलुगू घरातली, टपोऱ्या डोळ्यांची, गप्प. ती कशालाच हात लावायची नाही. मातीला नाही, रंगाला नाही, पिशवीला तर मुळीच नाही. इतर पोरं कोपरापर्यंत हात घालायची आणि ही दोन्ही हात फ्रॉकमागे घेऊन दाराशी उभी. पिशवी जवळ नेली की म्हणायची, "भयं." आत काय आहे ते दिसत नाही, तर तिथे हात का घालायचा? तिचं काही चुकत होतं असं मला कधी वाटलं नाही. तिची आई मात्र हवालदिल झाली होती. पुढच्या वर्षी शाळा. तिथं पाटी-पेन्सिल धरायला तरी हात पुढं करायला हवा. तिथं हिच्यासाठी कोण थांबणार?

मी म्हणायचे, तिच्या मागे लागू नका, ती तिच्या वेळेनं येईल. तुम्ही म्हणायचात, येईल की, पण कुणीतरी दारात थांबायला नको का? "शेवटचा पॅसेंजर चडल्याबिगर म्या कदी बेल दिली न्हाय." मग तुम्ही तिच्यासाठी पिशव्या करत सुटलात. कापसाची केलीत, ती म्हणाली भयं. मोरपिसाची केलीत, भयं. मी हसले की तुम्हाला राग यायचा. शेवटी तुम्ही नव्या पिशव्या करणं थांबवलंत आणि मला वाटलं, चला, यावेळी माझं पटलं.

मी दुपारी आत खिचडी शिजवत असताना तुम्ही आणि ती खिडकीखाली बसलेले असायचात. आतून मला तुमची पाठ दिसायची आणि तिचं डोकं. मला वाटायचं गोष्ट सांगताय.

मग तुम्ही गेलात. त्याचं काही लिहीत नाही. तुम्ही होतातच तिथे.

पोरांना मी सांगितलं की आज्जा वारले, आता येणार नाहीत. एकानं विचारलं, कुठल्या गाडीनं गेले? दुसऱ्यानं त्याला झापलं, "आरं तेंचीच गाडी हाय की." मला काहीच बोलावं लागलं नाही. चिन्नी तेव्हाही दाराशीच होती, हात मागे घेऊन.

कार्यक्रम झाल्यावर आत्यांनी तुमचं कपाट उघडलं. म्हणाल्या, वर्दी तेवढी जपून ठेवू. पँट घडीत होती. शर्ट उचलला आणि आम्ही दोघी बघत राहिलो. त्याला एकच बाही होती. दुसरी खांद्यापासून कातरलेली, कडा वेडीवाकडी, म्हणजे चोरून, घाईत, स्वयंपाकाच्या कात्रीनं. मामा, अहो! दोन दिवसांचा चहा! त्यावर मी इतकी हसले की आत्यांना भीती वाटली, आणि मग इतकी रडले की त्यांनी शर्ट माझ्या हातातून काढून घेतला. तुम्ही मला सांगितलं का नाहीत? माझ्या तोंडाला घाबरलात, की मला दाखवायच्या आधी पक्कं करायचं होतं? हे आता मला कधीच कळणार नाही, आणि मला ते फार लागलंय.

बाही सापडली पिशव्यांच्या पेटीत, सगळ्यात खाली. खांद्याकडच्या बाजूला तुम्ही नाडी घातली होती, पिशवीच्या तोंडाला घालतो तशी. वर लाल दोऱ्यानं, पोरांना वाचता येत नाही हे माहीत असून, 'सोलापूर' असं भरलं होतं. 'र' अर्धाच झाला होता. आत काहीच नव्हतं. मनगटाकडची बाजू मोकळीच होती, शिवलेली नव्हती. मला वाटलं, काम अर्धं टाकून गेलात. तुमच्या सैल टिपांचा तो शेवटचा नमुना म्हणायचा. मी ठरवलं, खालून शिवून टाकू, आणि भरायचं काय ते पोरांना विचारू.

काल बालवाडी परत सुरू केली. पोरांना खेळायला सोडून मी खिडकीखाली बसले, सुई ओवली आणि बाहीचं मनगट जुळवून पहिला टाका घालणार एवढ्यात मागून आवाज आला.

"शिवू नगं!"

चिन्नी. तिचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मराठी ती तुमच्याकडूनच शिकलीय, त्यामुळे बोलते अगदी तुमच्यासारखी.

"का गं?"

"शिवल्यावर सोलापूर कुटनं येनार?"

मला काही कळेना. ती माझ्यासमोर येऊन मांडी घालून बसली. तुमच्यासारखीच, एक गुडघा वर. बाहीचं तोंड तिनं स्वतःकडे घेतलं आणि मनगटाची बाजू माझ्याकडे सरकवली. "तू तिकडनं घाल," ती म्हणाली. मला अहोजाहो करायचं नाही हेही तुम्हीच शिकवलेलं दिसतंय.

मग तिनं फ्रॉकमागचा दुसरा हात पुढं आणला आणि बाहीत घातला. मामा, घातला. कोपरापर्यंत, भयं न म्हणता, मला काही समजायच्या आत.

मी माझ्या बाजूनं हात घातला. आत उबदार होतं, डांबरगोळ्यांचा वास येत होता. मधोमध कुठंतरी तिची बोटं माझ्या बोटांना लागली. ती जरा थबकली. मीही हललेच नाही. मग तिनं माझा हात हळूहळू चाचपला, एकेक बोट, नखं, बांगड्या. डोळे मिटलेले, कपाळाला आठी.

"हे सोलापूर न्हाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"सोलापूरच्या आंगठ्याला गाठ हाय. अन् एक बोट वाकडंय." मग म्हणाली, "अन् ते लई गरम आसतंय."

तेव्हा मला सगळं समजलं. तिकिटं फाडून फाडून तुमच्या अंगठ्याला पडलेला घट्टा. एसटीच्या दारात सापडून कायमचं वाकलेलं ते बोट. तिच्यासाठी पिशवीत काहीच भरायचं नव्हतं. आत काय आहे याची तिला भीती होती, तर आत तुम्हीच जाऊन बसलात. आपलं भांडण एवढ्यात मिटलं, आणि मी कुणाला सांगायचं? टॉवेलच्या दशा नाही, चटणी नाही. ऊन मात्र तुम्ही कोंबलंत.

"मग हे कुठलं गाव?" मी विचारलं.

तिनं परत चाचपलं. हात काढला नाही. बांगडी पुढेमागे फिरवून बघितली, सुई टोचून टोचून खरखरीत झालेल्या बोटाच्या टोकावर अंगठा घासला. बाकीची पोरं आता भोवती जमली होती, मागांचा खडखडाट तेवढा चालू होता.

"नवीन हाय," ती म्हणाली. "बरं हाय गाव."

"उतरायचं का मग?"

ती माझं बोट धरूनच होती.

"न्हाय," म्हणाली. "सोड गाडी. फुडं जायचंय."

माझा एक हात तुमच्या बाहीत होता, मामा. दुसरा मोकळा होता. तुमची शेवटची पॅसेंजर चढली होती, म्हणून मी दोरी धरली आणि दोनदा ओढली.